दत्ता, तू कुदळ उचलली होतीस

दत्ता,

डोकं फुटलं की नारळ फुटल्यासारखा आवाज येतो असं लोक सांगतात. खोटं आहे. भिजलेल्या पोत्यावर कुणी काठी हाणावी तसा बद्द आवाज आला, बस्स. मी बांधावरच्या तोडलेल्या शेवग्याच्या बुंध्याला धरून उभी होते. तू आधी गुडघ्यांवर बसलास, मग कुशीवर कलंडलास आणि तुझं तोंड माझ्याकडं वळलं. त्या तोंडावर राग नव्हता, दुखणंही नव्हतं. नवल होतं. चौथीत असताना फळ्यावरचं गणित चुकून सुटलं की तू असाच बघायचास. मग रक्त यायला लागलं. मी पदराचा बोळा करून दाबत बसले, पण ते थांबेना. माझी मांडी भिजली, माती भिजली. अंगावरचं पातळ पुरावा म्हणून पोलिसांनी नेलं आहे.

तू तिथं होतासच, तुला हे सांगायची गरज नाही. पण तू गेल्यापासून या वस्तीवर तुझ्याविषयी जे बोललं जातंय ते ऐकून मला वाटायला लागलंय की मेला तो दुसराच कुणी होता. केतकीनं शोकसभेसाठी तुझा फोटो मोठा करून आणला. हातात सीताफळाचं रोप, तोंडभर हसू. खाली लिहिलंय, ‘शांतीचा साधक’. सोलापूरहून, पुण्याहून आपल्या रानात राबून गेलेले जुने स्वयंसेवक आले, मांडी घालून गोलात बसले, आणि एकेकानं उठून सांगितलं की दत्तादादाकडून आम्ही क्षमा शिकलो. मी फोटोकडं बघत होते. मला हसू आलं, आणि मग तुझ्या थोबाडीत द्यावीशी वाटली. मेलेल्या माणसाच्या थोबाडीत.

आज दुपारी मला नळदुर्गला पोलीस ठाण्यात जबाब द्यायला जायचं आहे. त्या दिवशी पंचनामा झाला, पण माझी वाचाच बसली होती. बाईंना सावरू द्या, मग बोलवू, असं साहेब म्हणाले. आता बोलावणं आलंय. खालच्या शेतातला वसंता आणि त्याचा पोरगा संजा. खोरं मारलं संजानं, तो आत आहे. त्यांचं म्हणणं, दत्ता कुदळ घेऊन जीव घ्यायला आला होता, पोरानं बापाला वाचवलं. आपल्या लोकांचं म्हणणं, दत्ता भांडण मिटवायला गेला होता, त्यानं हात उचललाच नाही. बांधावर आपण चौघंच होतो. तू गेलास, बाप-लेक काय बोलणार ते ठरलेलं आहे. राहिले मी.

सकाळी चुलीपुढं कमल भाकरी थापत होती. तुझी बायको माझ्याकडं न बघता म्हणाली, “बाई, त्यानं उचलली न्हाई आसं सांगा. आता त्याचं नाव तेवढं ऱ्हायलंय. ते तरी ऱ्हाऊ द्या.”  तिनं भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं आणि म्हणाली, “न्हाईतर मग आमच्यात ऱ्हाऊ नका.”

केतकीनं तर उत्तर तयारच ठेवलंय. “बाई, कुदळ जमिनीत रुतलेली सापडली. पंचनाम्यात तसंच आहे. म्हणजे दादानं खणायला सुरुवात केली होती. यात खोटं काय आहे?” पोरगी इंजिनियर आहे, हिशेब बरोबर जुळवते. दोन आठवड्यांसाठी म्हणून आली आणि राहिलीच. कोरड्या संडासाची राख बदलताना सुरुवातीला नाकाला रुमाल बांधायची, आता गाणी म्हणत बदलते. तिनं तुझ्यावर फार माया केली, दत्ता. तिला मी काय सांगू?

तू कुदळ उचलली होतीस. मी पाहिलं.

मला इथं आणलंस तेच मुळी यासाठी. मी निवृत्त होऊन तुळजापुरात भावाच्या माडीवर राहत होते. देवळात येणाऱ्या-जाणाऱ्यांची गर्दी बघायची आणि भावजयीच्या हातचा चहा प्यायचा, एवढंच काम. तू मोटरसायकलवर आलास. जळकोटच्या शाळेत तुला शिकवलं होतं, मग तू हैदराबाद रोडला ट्रकवर गेलास एवढंच मला ठाऊक होतं. ट्रक सोडलास, बापाच्या माळावर झाडं लावलीस, आणि शहरातली माणसं तिथं राहून शेतात राबायला येतात, एका चुलीवर जेवतात, हे तू उभ्या उभ्या सांगितलंस. माझा भाऊ तुझ्या अनवाणी पायांकडं बघत होता.

मग तू म्हणालास, “बाई, मला समद्यांनी हानलं. हेडमास्तरनी हानलं, बापानं तर रोजच. तुमी तेवढं कदी हानलं न्हाई. माझ्या रानात लोकं ऱ्हायला यायलीत आन माझा हात उठायलाय त्यांच्यावर. तुमी या. माझ्या हातावर नजर ठिवा.”

“तू काय कुत्रा आहेस, साखळी धरून बसायला?”

“तसंच समजा.”

तोवर तू मुंबईच्या एका पोराचा दात पाडला होतास. त्यानं सिगारेटचं थोटूक वाळल्या पाल्यात टाकलं. आपल्या रानात उघडी माती ठेवायची नाही, सगळीकडं पाचोळ्याचं नाहीतर उसाच्या पाचटाचं आच्छादन, हा तुझा धर्म. ते सगळं पेटलं, आणि कमलनं घागरी वाहून जगवलेली रोपं उतारभर जळून गेली. तू आग विझवायच्या आधी त्या पोराला धरलंस. हे मला केतकीनं सांगितलं नाही, ती तेव्हा नव्हती. तूच सांगितलंस, मला वस्तीवर आणतानाच्या वाटेवर, मागं वळून वळून, आणि मी पुढं बघ पुढं बघ म्हणत राहिले.

मी आले. भाऊ म्हणाला, म्हातारपणी खुळ्यांच्यात चाललीस. गावातले तर आपल्या वस्तीला सरळ येड्यांचं रानच म्हणायचे. वळण लावलेली मास्तरीण मी, शेणखताच्या ढिगात हात घालून ऊब बघायला शिकले, परक्या माणसांबरोबर पाळीनं भांडी घासली. आयुष्यात एवढी माणसं माझ्या आजूबाजूला झोपलेली, घोरत असलेली, रुसलेली, जेवण जळलं म्हणून रडणारी मी कधी पाहिली नव्हती. मला ते आवडलं. हे तुला मी कधी म्हटलं नाही, कारण तू लगेच डोक्यावर चढला असतास. आता म्हणते. तू मला त्या माडीवरून उचलून आणलंस त्याचे उपकार मी विसरणार नाही.

आणि भांडणाचे चर. ते तुझं डोकं. उतारावर पाणी अडवायला आडवे चर खणायचे होते आणि मुरमात खणायला कुणी तयार होईना. तू नियम काढलास. ज्यांचं भांडण होईल त्या दोघांनी दिवेलागणीच्या आत मिळून एक चर खणायचा. ज्याचा राग मोठा त्यानं कुदळ घ्यायची, दुसऱ्यानं खोऱ्यानं माती ओढायची. बोललं तरी चालेल, न बोललं तरी चालेल, पण दमेपर्यंत खणायचं. राग बी जिरतो आन पानी बी जिरतं, असं तू प्रत्येक नव्या पाव्हण्याला सांगायचास. ते ऐकून ऐकून माझे कान किटले होते. पण खणायचे लोक. आपल्या रानात कांद्याचा चर आहे, मोबाईलचा चर आहे. केतकी आणि सोलापूरच्या त्या भजनी पोराचा देवाचा चर आहे, तो सगळ्यात लांब, कारण दोघंही हटेनात. दोन माणसं सकाळी एकमेकांचा गळा धरत आणि सांजेला घामानं निथळत एकाच तांब्यातून पाणी पीत, हे मी डोळ्यांनी बघितलं आहे. त्यामुळं नियमाला हसायचं मी सोडून दिलं.

आपला दोघांचा डुकराचा चर. सकाळी रताळ्याच्या वाफ्यात रानडुक्कर घुसलं, हुसकावताना चरात पडलं आणि त्याचा पुढचा पाय मोडला. ते ओरडत होतं, दात आपटत होतं. त्याला सोडवायचा रस्ता नव्हता, हे मलाही कळत होतं. तू पहार घेऊन उतरलास. दुसऱ्या घावाला ते मेलं. पण तू थांबला नाहीस. त्याचं डोकं राहिलं नाही, तरी तू हाणत होतास. तुझ्या गंजीवर, तोंडावर, दातांवर रक्त उडत होतं. केतकी बाजूला जाऊन ओकली. मी वर्गात मारायचे तशी हाक मारली, “दत्तात्रय!” तेव्हा कुठं तू पहार टाकलीस.

मी तुझ्याशी भांडले, म्हणून आपण खणायला बसलो. कुदळ तू मलाच दिलीस, म्हणालास राग तुमचा मोठा हाय.

“ते मेलं होतं दत्ता. मेल्यावर कशाला मारत होतास?”

“मला न्हाई कळलं.”

“कळलं होतं.”

तू बराच वेळ माती ओढत राहिलास. मग खोरं टेकवून म्हणालास, “बाई, येक सांगू? हानताना लई बरं वाटतं. मागून वंगाळ वाटतं, ते समदेच सांगतेत. पन हानताना बरं वाटतं हे कुनी सांगत न्हाई. तुमाला कदीच वाटलं न्हाई का, हानावं कुनाला?”

“नाही.”

“खोटं बोलायलाव.”

मी खोटं बोलत नव्हते. चाळीस पोरांच्या वर्गात उभी राहूनही मला तसं वाटलं नव्हतं, आणि त्याचा मला गर्व होता. हा वाद तू अधूनमधून उकरून काढायचास. मला चिडवायला, भाजी निवडताना, बिया वाळवताना. बाई, आज तरी वाटलं का? त्या केतकीनं मीठ दोनदा घातलं, वाटलं का? मी म्हणायचे, तुझ्यासारखी सगळी नसतात. तू हसायचास.

आता वसंताचं. वसंताची बाजू मी आजही सोडत नाही, यावरून आपलं वाजलं होतं. भादव्यात ढगफुटी झाली त्या दिवशी आपला वरचा चर फुटला. जादा पाण्याला सांडवा आपण नीट काढला नव्हता. सगळं पाणी, सगळा गाळ त्याच्या उभ्या सोयाबीनमधून गेला. शेंगा धरलेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी तो चिखलात उभा राहून एकेक रोप उपटून बघत होता. तू बांधावरून त्याला म्हणालास, मी येतो, संगं खणू, पाणी वळवू. तो वळूनसुद्धा बघेना. त्यानंतर त्यानं तुझ्याशी बोलणं टाकलं. मी तुला म्हटलं, त्याला खणायला बोलवू नकोस. त्याला आधी त्याचं पीक गेलं हे मोठ्यानं ओरडू दे. तू म्हणालास, वरडून काय व्हतंय बाई, खनलं की व्हतंय.

मग ती दुपार. आपण सगळे वरच्या वाफ्यात होतो. वसंतानं बांधावरची झाडं तोडली. दिवसाढवळ्या, कुऱ्हाडीनं, एका दमात. शेवगा, हादगा, गिरिपुष्प, पंगतीत उभी असलेली सगळी, माणसाच्या कमरेच्या उंचीवर कापलेली. आवाज ऐकून आपण पळत आलो तोवर शेवटचा शेवगा आडवा होत होता. वसंता कुऱ्हाड त्यातच रुतवून खाली गेला. तू प्रत्येक बुंध्यापाशी गेलास. प्रत्येकावर हात ठेवलास. चीक हाताला लागला तो मळलेल्या लुंगीला पुसलास.  कमल मागच्या मागं घरात गेली, का ते मला तेव्हा कळलं नाही.

तू औजारांच्या खोपीकडं निघालास. मला वाटलं, कुऱ्हाड. तू कुदळ आणि खोरं घेऊन आलास. एका खांद्यावर हे, एका खांद्यावर ते.

“बाई, आज वसंताचा चर.”

“वेडा आहेस का? तो आपल्यातला नाही. त्याला काय ठाऊक तू कशाला आलास? माणूस दुसऱ्याच्या शिवारात खांद्यावर कुदळ टाकून आला की गावात त्याचा एकच अर्थ होतो.”

“मग अर्थ सांगू की त्येला.”

इथंच चुकलं, दत्ता. आपण इतकी वर्षं आपल्याच रानात, आपल्याच नियमांत राहिलो की तो नियम अख्ख्या जगाला माहीत आहे असं आपल्याला वाटायला लागलं. कुदळ म्हणजे समेट, असं फक्त येड्यांच्या रानात समजतात. बांधाच्या पलीकडं कुदळ म्हणजे कुदळच. तू उतरत गेलास आणि मी मागून; बाकीचे वर वाफ्याकडं परतले होते. कसंही असो, नजर ठेवायचं काम माझं होतं.

वसंता आणि संजा तोडलेल्या फांद्या शेळ्यांसाठी ओढत होते. तुला बघून वसंता ताठ झाला. तू जवळ जाऊन खोरं पुढं केलंस. “घे वसंता. तू खोरं वढ, मी खनतो. तुझं सोयाबीन गेलं ते माझ्यामुळंच गेलं. मान्य हाय मला.”  मी त्याला ओरडू दे म्हटलं होतं, ते तू ऐकलं होतंस तर. वसंतानं खोरं घेतलं नाही. तू हात पुढं धरूनच उभा, म्हणून गोंधळून संजानं ते घेतलं. मोठ्या माणसानं काही दिलं की घ्यायचं, एवढंच त्याच्या डोक्यात असावं. त्यालाही चौथीपर्यंत मीच शिकवलं आहे. साधा पोरगा, अक्षर चांगलं.

“कुदळ घिऊन मला शिकवाय आलास व्हय?” वसंता म्हणाला. मग त्याचा बांध फुटला. पीक, पाणी, बाप-आजा, सगळं. तू ऐकत होतास, मान खाली घालून. आणि मग तो म्हणाला, “रान म्हनं. गावोगावच्या बाया गोळा करून बाजार मांडलाय तू.” तरी तुझी मान खालीच होती. मग त्यानं कमलचं नाव घेतलं. काय म्हणाला ते मी इथं लिहिणार नाही.

तुझा उजवा खांदा वर गेला. डुकराच्या वेळी गेला होता तसाच. कुदळ तुझ्या डोक्यावर होती आणि तू वसंताकडं बघत होतास, आणि मला माहीत होतं की ती आता खाली येणार. मला हाक मारायची होती. दत्तात्रय म्हणायचं होतं. म्हटलं नाही. वसंतानं दोन्ही हात डोक्यावर धरले.

कुदळ खाली आली ती त्याच्या डाव्या पायाशेजारी. बांधात पार दांड्यापर्यंत गेली. वसंता तसाच उभा होता, डोकं धरून. तू दांड्यावर वाकलेला होतास. मधे वेळ गेला, दत्ता. थोडाच, पण गेला. एखाद्यानं श्वास घेऊन सोडावा एवढा. मग संजानं खोरं फिरवलं.

पुढचं तुला माहीत नाही. मी दगड उचलला. तुझ्या डोक्याला पदर लावायच्या आधी मी दगड उचलला आणि संजाला मारला. तो त्याच्या कानावर बसला, कान फाटला. मी दुसरा उचलला. मला त्याचं डोकं फोडायचं होतं, त्या डुकरासारखं, काही उरायला नको होतं. आणि तू म्हणत होतास ते खरं आहे. बरं वाटलं. तो पहिला दगड लागला तेव्हा मला फार बरं वाटलं. आपला वाद तू जिंकलास, आणि हे तुला सांगायला तू नाहीस. संजा खोरं टाकून खाली बसला आणि कानावर हात धरून म्हणायला लागला, “बाई, त्यानं उचलली हुती. बाई, तुमी बगितलं न्हवं.” वर्गात चुकलेलं पोर सांगतं तसं. माझ्या हातातला दगड तेव्हा पडला. मला त्या पहिल्या दगडाचा पश्चात्ताप नाही. खोटं सांगून उपयोग नाही.

तू त्याला सोडलंस की तुझा नेम चुकला? रागानं आंधळा झालेल्या माणसाचा नेम चुकू शकतो. मी सगळं बघितलं, जवळून बघितलं, आणि तेवढं एक मला दिसलं नाही. रोज सकाळी उठले की हाच विचार येतो. तू शेवटी कोण होतास, दत्ता? केतकीच्या फोटोतला की डुकराच्या चरातला?

गाडी आली. येऊन लिहिते.

आले. अंधार पडायच्या आत आले.

ठाण्यात पंखा कुरकुरत होता. साहेब तरुण होते, चांगलं बोलले. मी सगळं सांगितलं. चर, कुदळ, खोरं, वसंताचे शब्द, कमलचं नाव.

“त्यांनी कुदळ उचलली?”

“उचलली.”

“मारायला?”

“हो.”

लिहिणारा हवालदार थांबला. साहेबांनी त्याला खूण केली.

“मग जमिनीत कशी गेली?”

“माहीत नाही. पण जमिनीत गेल्यावर, मधे वेळ गेल्यावर खोरं आलं. कुदळ वर असताना नाही. हेही लिहा.”

दगडाचंही सांगितलं. साहेब म्हणाले, ते राहू द्या बाई, त्याची काही गरज नाही. मी म्हटलं, त्याचा कान कुणी फाडला ते कागदावर यायला हवं. त्यांनी लिहिलं. वाचून दाखवलं. मी सही केली. शाळेत पगाराला करायचे तशीच सही.

परत येताना मला समाधान वाटलं असतं तर मी तसं लिहिलं असतं. मला तुझी लाज काढून आल्यासारखं वाटलं. वळणावरून वस्ती दिसली आणि मनात आलं, ट्रंकेत किती सामान मावेल. ही जागा सोडावी लागली तर मी मोडून पडेन, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

कमल ओसरीवर तूर पाखडत होती. केतकी तिच्याशेजारी बसली होती. मी चप्पलही काढली नाही, उभ्यानंच सांगितलं. सगळं सांगितलं, उचलली म्हणून सांगितलं. केतकी उठली. 

“बाई, त्यांनी एकदा मारलं. तुम्ही परत मारलंत दादाला,” ती म्हणाली आणि आत गेली. आत काहीतरी फेकल्याचा आवाज आला.

मी कमलच्या तोंडून ‘जा’ ऐकायला उभी होते. ती सूप हलवत राहिली. खडे एकीकडं, तूर एकीकडं. मग सूप मांडीवर ठेवून तिनं विचारलं, “कुठं पडली म्हनलाव?”

“काय?”

“कुदळ.”

“वसंताच्या पायाशेजारी. जमिनीत.”

“किती शेजारी?”

मी दोन्ही हातांनी अंतर दाखवलं. वीतभर. ती माझ्या हातांमधल्या त्या रिकाम्या जागेकडं बघत बसली. मी हात खाली घ्यायला लागले तर तिनं तसेच धरून ठेवले.

“टरकावरून घरी यायचा तवा उचलायचा माझ्यावर,” ती म्हणाली. “हात, पट्टा, लाकूड. हाताला घावंल ते.” तिनं पदर सारून केस बाजूला केले. कानाच्या मागं, केसांत, बोटभर लांबीची पांढरी खूण होती. इतकी वर्षं तिच्या शेजारी बसून मी जेवले आणि ती मला दिसली नव्हती. तुझा असा राग मला कधी आला नव्हता, दत्ता. तू समोर असतास तर मी तोच दुसरा दगड उचलला असता. पण ती रडायला लागली होती, तू गेल्यापासून पहिल्यांदा, माझे दोन्ही हात तसेच वीतभर अंतरावर धरून.

“त्याचा नेम कदीच चुकला न्हाई, बाई,” ती म्हणाली. “माझ्यावर उचलल्यालं येकदा बी जमिनीत गेलं न्हाई.”